मॅडम, एकदाच का विचारायचं?

मॅडम, तुम्हाला जाळलं. मुलुंडच्या स्मशानात, भर दुपारी, विजेवर. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण शोकसभेत सगळे नुसतं 'मॅडम गेल्या', 'मॅडम आपल्यातून निघून गेल्या' म्हणत राहिले. कुठे गेल्या, ते कुणी बोललं नाही. तुम्हाला जायचं होतं आपल्या डिसेक्शन हॉलमध्ये. उभं आयुष्य तुम्ही तिथे पहिल्या वर्षाच्या पोरांना मेलेल्या माणसांच्या शरीरावरून माणसाचं शरीर शिकवलंत. देहदानाच्या फॉर्मवर तुमची सही कधीची होती, हे अख्ख्या विभागाला माहीत होतं. तरी तुम्ही आला नाहीत. आणि तुम्हाला आणायचं काम माझ्याकडे होतं.

थकलेय मी. रडून वगैरे नाही, रडायचं अजून नीट झालेलंच नाही. रोज सकाळी डोक्यात तुमच्याशी भांडण तयार करून कॉलेजात येते आणि समोर तुमची खुर्ची. खुर्चीवर कुणीतरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवलाय. ते बघून मी तशीच पुढे निघून जाते.

शोकसभेबद्दल आधी सांगते, म्हणजे तेवढं तरी मनातून जाईल. हेड सर म्हणाले, नलिनीताई आमच्या विभागाचा कणा होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्या हाताखाली टिश्यू कापायला शिकलेली पोरं हेड झाली, पण त्या खुर्चीवर तुम्हाला कधी बसू दिलं नाही. का, तर तुम्ही एमबीबीएस नव्हतात. ॲनाटॉमीत एमएस्सी, मग पीएचडी. डॉक्टरांना डॉक्टर करणारी बाई, पण यांच्या लेखी 'नॉन-मेडिको'. आणि कणा म्हणे. ॲनाटॉमीच्या माणसाने तरी हा शब्द जपून वापरावा. सगळा भार कण्यावर आणि तो कायम पाठीमागे, एवढं मात्र सर खरं बोलले.

मी यावर पत्रक काढणार होते, आठवतं? मसुदा तुमच्या टेबलावर ठेवला तर तुम्ही चष्मा न लावताच बाजूला सारलात. "माझ्यावर पत्रक काढलंस तर तुझ्या सिनॉप्सिसवर सही करणार नाही." मी म्हटलं, ही धमकी आहे. तुम्ही म्हणालात, "हो. शिकतेस बघ हळूहळू."

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी दहिसरहून आले होते ती खांद्यावर पत्रकांची झोळी घेऊनच. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मला दोनच गोष्टी येत होत्या, पत्रक लिहिणं आणि नाक्यावर उभं राहून ते वाटणं. बुवाबाजी, नदीतला कचरा, सरकारी दवाखान्यात नसलेली औषधं. विषय द्या, मी लिहिते. झूलॉजीत एमएस्सी झालं ते त्यातूनच वेळ काढून. तुम्ही विचारलंत, "तुला पेशी का बघायच्यात?" मी भाषण ठोकलं. विज्ञान, समाज, सामान्य माणूस, सगळं आलं त्यात. बाकीचे परीक्षक खूश. तुम्ही म्हणालात, "भाषण झालं. आता या मायक्रोस्कोपात बघ आणि काय दिसतं ते सांग."

मी बघितलं. म्हटलं, "ही मधली पेशी मेलेली आहे."

"कशावरून?"

"तिच्यात केंद्रक दिसत नाहीये."

"मग 'केंद्रक दिसत नाही' एवढंच म्हण. मेली हे तुझं मत झालं. केंद्रक वरच्या नाहीतर खालच्या कापात राहिलं असेल. तुला काय माहीत?"

मला घेणार नाहीत असंच वाटलं होतं. घेतलंत. का घेतलंत ते कधी सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही. राहून गेलेल्या गोष्टींत ही एक.

पहिलं वर्षभर मला प्रबंधाचं नावसुद्धा काढू दिलं नाहीत. फॉर्मलिनमध्ये टिश्यू मुरवायचा, अल्कोहोलच्या एकेका भांड्यातून पाणी काढून घ्यायचं, मेणात बसवायचं, मग मायक्रोटोमवर पाच मायक्रॉनचे काप. नीट आलं तर कापांची सलग रिबन निघते, ती कोमट पाण्यावर सोडायची आणि बारीक ब्रशने काचेवर घ्यायची. माझी रिबन निघायचीच नाही. नुसता चुरा. एकदा तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "आज कुणाशी भांडून आलीस?" मी म्हटलं, रिक्षावाल्याशी, मग लायब्ररीत. "मग आज ब्लेडला हात लावू नकोस. हात भांडतोय तुझा अजून." मला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी गपचूप येऊन कापलं तर हातभर रिबन निघाली, आणि त्याचा त्याहून जास्त राग आला.

आणि त्या पेन्सिली. एका टोकाला गुलाबी, दुसऱ्या टोकाला जांभळी, काचेवरच्या पेशींना आपण देतो तेच दोन रंग. स्लाइडवर जे दिसेल ते आधी हाताने काढायचं, फोटो नंतर. तेजसने, म्हणजे माझ्यानंतर वर्षभराने तुमच्याकडे आलेल्या पीएचडीवाल्याने, एकदा विचारलंच, "मॅडम, कॅमेरा आहे ना यार आपल्याकडे, इतका महागाचा?" तुमच्यासमोर 'यार' म्हणून गेला आणि जीभ चावली. तुम्ही म्हणालात, "कॅमेरा फोटो काढतो यार. पण बघत नाही." नंतर आठवडाभर सगळी लॅब त्याला यार म्हणायची. त्या पेन्सिलींना टोकं काढून द्यायचे काका, तुमचे मिस्टर. रिटायर्ड ड्राफ्ट्समन माणूस, ब्लेडने अशी टोकं काढायचा की सुईला लाज वाटावी. डबा भरून यायच्या मुलुंडहून. पोरं त्या परीक्षेला वापरायची नाहीत, जपून ठेवायची.

मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण दिलं तेव्हा तुम्ही एकेका उद्गारचिन्हाभोवती लाल गोल काढलात. "घोषणाबाई, लाळग्रंथीवर कुणी ओरडतं का?" तेव्हापासून लॅबमध्ये मी घोषणाबाई. विषय तुम्हीच दिला होतात, म्हातारपणी लाळग्रंथीतल्या पेशींचं काय होतं. मला वाटलं होतं कॅन्सरवर, निदान मेंदूवर काहीतरी मिळेल. तुम्ही म्हणालात, "म्हाताऱ्या माणसाला घास कोरडा लागतो. गिळत नाही म्हणून ते जेवत नाहीत, आणि घरचे म्हणतात नाटकं करतात. हे कुणीतरी नीट बघायला नको?" तुमच्या तेवढ्या बोलण्यात माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त राग होता, आणि आवाज तुम्ही जराही चढवला नव्हता. ते मला तेव्हा कळलं नाही. आता लिहिताना कळतंय.

त्या पेशी यायच्या देहदान केलेल्या माणसांकडून. म्हणून तुमच्या हाताखालच्या प्रत्येक पीएचडीवाल्याला देहदानाच्या फोनची ड्युटी. दुसऱ्या विभागातली मुलं हसायची, हे कसलं संशोधन, मयताला जायचं. पण तुमची पद्धत ठरलेली. फोन आला की फोनवर काही पटवायचं नाही, घरी जायचं. कायद्याने शेवटचा शब्द घरच्यांचा असतो, गेलेल्या माणसाने जिवंतपणी कितीही सह्या करून ठेवलेल्या असू देत. त्यामुळे घरी जाऊन विचारायचं, आणि एकदाच. नाही म्हणाले की नमस्कार करून निघायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

मी उसळलेच. "मॅडम, आम्ही नाक्यावर एका माणसाला दहा वेळा विचारतो."

"म्हणूनच तुला मुद्दाम सांगतेय."

आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि ते संपलेलं नाही. मी देहदानावर पत्रक लिहिलं, वर मोठ्या अक्षरात, 'राख होऊन आजवर कुणाचं भलं झालंय?' बोरिवलीत स्टेशनबाहेर वाटायला निघाले होते. तुम्ही गठ्ठा हातातून घेतलात. "ज्याने काल बापाला अग्नी दिलाय, तो हे वाचेल. त्याला काय वाटेल?"

"वाईट वाटावं म्हणूनच लिहिलंय."

"वाईट वाटायला लावणारी माणसं बाहेर चिक्कार आहेत गं. त्यासाठी ॲनाटॉमीत यायची गरज नव्हती."

गठ्ठा तुम्ही कपाटात टाकलात. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही वर्षभर पेशींची चित्रं काढली.

बोरिवलीच्या एका बाईंचं तुम्ही एकदाच सांगितलंत. मी कापत होते, तुम्ही पाण्यावरून रिबन उचलत होतात, नजर पाण्यावरच. तुम्ही नुकत्या नोकरीला लागला होतात. एका घरी गेलात, नवऱ्याने फॉर्म भरलेला, बायको नाही म्हणत होती. तुम्ही समजावलंत. परत परत समजावलंत, तेव्हा तुम्हाला बोलता फार छान यायचं म्हणे. शेवटी त्या हो म्हणाल्या. मग दर वर्षी त्या तारखेला त्या कॉलेजात यायच्या आणि हॉलबाहेरच्या बाकावर बसून तुम्हाला विचारायच्या, "ते अजून आहेत का हो आत?" तुम्ही शेजारी बसून राहायचात. "मी जिंकले होते ना," तुम्ही म्हणालात, "मग त्यांच्याबरोबर बसायला नको?" आणि काच माझ्या हातात दिलीत, वाळवायला ठेव म्हणालात.

मला पटलं नव्हतं. एक बाई अशी भेटली म्हणून काय सगळ्यांना मोकळं सोडायचं? एकीकडे अख्खी बॅच एका टेबलाभोवती गर्दी करून पुढच्याच्या खांद्यावरून बघतेय, शरीरं पुरत नाहीत, आणि आपण सभ्यपणे नमस्कार करून बाहेर. मी याला भित्रेपणा म्हटलं होतं, तुमच्या तोंडावर. तुम्ही म्हणालात, "असेल."

शेवटच्या आठवड्यातसुद्धा तेच. बोरिवलीतलं एक घर नाही म्हणालं होतं आणि मी नियमाप्रमाणे परत आले होते. शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या टेबलावर हात आपटून म्हटलं, "मॅडम, मी अजून एकदा विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. लिहून देते."

"हो, म्हणाले असते," तुम्ही म्हणालात. "मग?"

या 'मग'चं उत्तर मी शोधून आणणार होते. तुम्ही पर्स उचललीत. "चल, उशीर झालाय. सोमवारी भांडू."

रविवारी पहाटे झोपेतच गेलात. आता सोमवारचं मी काय करू, सांगा.

तेजसचा फोन आला, मग हेड सरांचा. सर म्हणाले, "तूच जा. तुझं ऐकतील." मी मुलुंडला तुमच्या घरी गेले, तेजसला बरोबर घेऊन. दाराबाहेर चपला काढल्या. तुम्हाला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, निळ्या काठाच्या साडीत. नेत्रदानाचे लोक आधीच येऊन गेले होते, काकांनीच फोन करून बोलावलं होतं त्यांना. म्हणजे देव, धर्म, मोक्ष असलं काही मधे नव्हतं. काका बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत. घाटकोपरहून त्यांची बहीण आली होती, ती तुमच्या पायाशी बसलेली.

मी काकांसमोर खाली बसले. "काका, मॅडमची इच्छा तुम्हाला माहीत आहे. विचारायला आलेय."

ते तुमच्याकडे बघत होते. "नको गं," म्हणाले. "नाही."

"अगं, ही काय वेळ आहे का विचारायची?" बहीण म्हणाली. "त्याच्या तोंडात पाणी नाही सकाळपासून."

तेजसने मला कोपराने ढोसलं. मॅडम, माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तुमच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून काकांचीच सही होती, ते म्हणता आलं असतं. तुम्ही शिकवलेली पोरं, रिकामं टेबल, तुमचा शब्द. मला तेवढंच येतं हो, माणसाला शब्दात पकडायला. मी नमस्कार केला. आधी काकांना, मग तुम्हाला. आणि उठले.

जिन्यात तेजसने मला धरलं. "येडी आहेस का तू? अख्ख्या बोरिवलीशी भांडतेस, आणि इथे नमस्कार?"

"नियम आहे."

"नियम त्यांचा, बॉडी त्यांची, इच्छा त्यांची! कुणासाठी पाळतेयस?"

"त्यांच्यासाठीच," मी म्हटलं, आणि तो जिन्यातच खाली बसून रडायला लागला. मी त्याच्याजवळ उभी राहिले. वर तुमच्या दारात माणसं येत-जात होती. आम्ही परत वर गेलो नाही.

दुपारी स्मशानात मी मागे भिंतीला टेकून उभी होते. ट्रॉली आत गेली, झाकण पडलं. मला तेव्हा अभिमान वाटत होता, खरं सांगते. वाटलं, तुमचं सगळ्यात कठीण शिकवणं मी तुमच्याच दारात पार पाडलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शिकतेस बघ हळूहळू. त्या अभिमानावर मी पंधरा दिवस काढले. तेवढाच टेकू होता.

मग काकांचा फोन आला. "तुमच्या पेन्सिली पडल्यात इथे, टोकं काढून ठेवल्यात. येऊन घेऊन जा."

गेले. घरात एकटेच होते. त्यांनी स्वतः पोहे केले होते, मीठ कमी आणि खोबरं भरपूर. खाऊन झाले तर परत वाढायला आले. मी म्हटलं, "नको काका, खरंच पुरे." त्यांनी वाढलेच. "नको काय? नको म्हणणाऱ्यालाच तर वाढायचं असतं." आणि मग डाव तसाच हातात धरून उभे राहिले.

"तू त्या दिवशी परत विचारलं नाहीस."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल. मग कळलं. मी म्हटलं, "मॅडमचा नियम होता काका. एकदाच विचारायचं."

"कुणाचा? नलिनीचा?" मॅडम, ते हसले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच हसत असावेत, कारण हसू मध्येच अडकलं. "अगं, या घरात तिने मला एक गोष्ट एकदा विचारलेली नाही. मी प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणतो. फ्रिज घेऊया, नाही. काश्मीरला जाऊया, नाही. तिला पीएचडी करायची होती, तेव्हाही मी नाहीच म्हटलं होतं. मी नाही म्हटलं की ती वाद नाही घालायची. आत जायची, कुकर लावायची, आणि बाहेर येऊन परत विचारायची. तेवढ्यात माझं हो झालेलं असायचं."



"त्या दिवशी मी नाही म्हटलं आणि बसलो," काका म्हणाले. "म्हटलं, पोरगी विचारेल आता परत. दाराकडे बघतो तर तुमच्या चपला नाहीत."

"म्हणजे तुम्ही हो म्हणाला असतात?"

त्यांनी डाव पातेल्यात ठेवला. मग म्हणाले, "म्हटलं असतं बहुतेक. आता काय माहीत." आणि आत जाऊन पेन्सिलींचा डबा घेऊन आले.

खरंच म्हणाले असते, की हे नंतरचं दुःख बोलत होतं? मला ठरवता येत नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, कशावरून? दिसलं तेवढंच सांग. तर दिसलं ते एवढंच की एक माणूस डाव हातात धरून उभा होता, आणि त्याने माझी वाट बघितली होती. मी जिन्यात माझी नीतिमत्ता सांभाळत होते तेव्हा.

मग राग आला तो तुमचाच. अजून आहे. जगासाठी एकदा आणि घरात दोनदा? मला पेशी बघायला शिकवलंत, ब्रश कसा धरायचा ते शिकवलंत, कुठल्या दिवशी ब्लेडला हात लावायचा नाही तेसुद्धा. आपला नवरा पहिल्यांदा नाहीच म्हणतो, एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं? रोज समोर होते मी. 'घोषणाबाई, माझ्या घरी गेलीस तर जरा थांब,' एवढंच. की मुद्दाम सांगितलं नाहीत? स्वतःसाठी नियम वाकवायचा नव्हता म्हणून? तसं असेल तर तो अन्याय आहे मॅडम. तुमच्यावर, काकांवर, माझ्यावर. आणि त्या पोरांवर, जी यंदाही पुढच्याच्या खांद्यावरून मान उंच करून बघणार. की तुम्हाला मरणाचा विचारच आला नव्हता? फॉर्म भरून ठेवला, झालं, असं? फॉर्म भरणारे सगळे असेच असतात, हे तर आपण दोघींनी घरोघरी जाऊन बघितलंय.

काकांना मी अजून काही बोलू शकलेले नाही. दर रविवारी जाते. ते पोहे करतात, मी परत वाढून घेते.

प्रबंधाचं म्हणाल तर आता कागदोपत्री हेड सर माझे गाइड. परवा त्यांनी प्रकरण न वाचताच सही केली. मी ते तसंच परत घरी आणलं, लाल पेन घेतलं आणि माझी मीच गोल काढत बसले. 'लाळग्रंथीच्या ऱ्हासाची भीषण प्रक्रिया' असं लिहिलं होतं मी एके ठिकाणी. भीषण खोडलं. मग ऱ्हाससुद्धा खोडला आणि लिहिलं की ग्रंथीच्या पेशी कमी दिसतात आणि त्यांच्या जागी चरबी दिसते. वाक्य कोरडं झालं, पण मला त्यात ते जेवायला बसलेले म्हातारे दिसले. हे तुमचं देणं आहे, आणि तुम्ही समोर असताना ते मी एकदाही बोलून दाखवलं नाही. कारण बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, भाषण झालं.

तुम्ही गेल्यानंतर देहदानाचा पहिला फोन या आठवड्यात आला. घाटकोपर, चाळीतली वरची खोली. गेलेले आजोबा शाळामास्तर होते, त्यांचा फॉर्म भरलेला. मुलगा चाळिशीचा, तोच एकटा घरचा. निघताना तेजसने विचारलं, "नियम काय आहे आता आपला?" मी म्हटलं, माहीत नाही, चल तर.

एकदाच विचारलं. मुलगा म्हणाला, "नाही. बाबांचं काही असेल, मला नाही जमणार." तेजसने सवयीने हात जोडले. मी त्याचा हात खाली केला आणि म्हटलं, "बरं. आम्ही जरा वेळ बसलो तर चालेल ना?"

बसलो. एक शब्द विषयाचा काढला नाही, आणि माझ्यासाठी ते काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या वहिनींनी चहा आणला. लोक आले. मुलगा सांगायला लागला की शेवटची दोन वर्षं बाबांना घास गिळवत नव्हता, सगळं पातळ करून द्यावं लागायचं, आणि तो ओरडायचा त्यांच्यावर, नाटकं करू नका म्हणून. मी म्हटलं, नाटकं नव्हती ती, म्हातारपणी लाळ सुटत नाही, घास खरंच कोरडा लागतो. यात तुमचीही चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तो उशाशी जाऊन बसला आणि वडिलांच्या गालावरून हात फिरवत राहिला, बराच वेळ.

तेजस माझ्याकडे बघत होता. मलाही वाटलं, आता हो म्हणेल. त्या क्षणी एक शब्द पुरे होता मॅडम, आणि तो शब्द माझ्या तोंडात होता.

थोड्या वेळाने तो आपणहून उठून आमच्यापाशी आला. म्हणाला, "ताई, तुम्ही थांबलात म्हणून परत एकदा विचार केला मी. नाहीच. मला त्यांना माझ्या हाताने पोचवायचंय." आम्ही म्हटलं, बरं. तो आमच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आला, रिक्षा थांबवून दिली, आणि परत वर गेला.

म्हणजे टेबल रिकामंच राहिलं. पण हे 'नाही' पूर्ण झालेलं होतं, आणि ते होईपर्यंत मी तिथे होते. तुमच्या घरातून मी अर्धवट 'नाही' घेऊन निघाले. यापुढे आम्ही विचारणार एकदाच, पण लगेच उठणार मात्र नाही. तेजसला सांगितलंय, नवीन येतील त्यांनाही हेच सांगणार. तुमचा नियम मी तुम्हाला न विचारता बदललाय. यावर तुम्ही 'असेल' म्हणाला असतात, की 'मग?' म्हणाला असतात, हे मला आता कधीच कळणार नाही, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचा येतोय.